हाराखालची पाटी

माझा भाऊ निष्काळजीपणाने मेला नाही.
हे आधी वाचा. मग खाली आरआयपी लिहा.

तिथीने आज वर्ष झालं.

अण्णा बंगळुरूजवळ होसकोटेच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. भल्यामोठ्या मिक्सरच्या पोटात उतरून पाती दुरुस्त करायचा. उतरण्याआधी स्विच बंद करायचा आणि पॅनलवर पाटी लावायचा. एकदाही चुकला नाही.

कंपनीची पाटी इंग्रजीत होती. अर्ध्या लोकांना वाचता येत नाही, मग ती लावायची कुणासाठी, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने स्वतः एक लाल पाटी रंगवली. माणूस आत आहे, स्विच लावू नका, असं कन्नडमध्ये आणि हिंदीत लिहिलं. वर स्वतःचा फोटो चिकटवला.

मी चिडवलं होतं, "इलेक्शनला उभा आहेस का?"

"अक्षरं कोण वाचतंय गं? तोंड बघितलं की हात थांबतो."

आणि तोंडच झाकलं गेलं.

आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची सकाळ. ऐन वेळी एक पातं अडकलं म्हणून अण्णा आत उतरला. इकडे सजावट करणारे प्रत्येक पॅनलला झेंडूचे जाडजूड हार घालत आले. त्याची पाटी हाराखाली गेली. पूजा झाली, कोहळा फुटला, आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मशीन मिनिटभर चालू केलं. मुहूर्त टळायला नको ना!

रिपोर्टमध्ये आलं, पाटी लावलेली नव्हती. कामगाराचा निष्काळजीपणा.
पाटी तर त्याच दिवशी गायब झाली होती.

दोन महिन्यांनी पॅकिंगमधली एक मुलगी आनेकलहून बस बदलत आमच्या घरी आली. त्या सकाळी सजवलेल्या पॅनलसमोर तिने सेल्फी काढला होता. मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "अक्का, स्वल्प मोठा करून बघा. हाराच्या खाली."

लाल कोपरा. आणि अण्णाचा एक डोळा.

मी फोटो घेऊन मॅनेजरकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि मला समजावलं. देवाच्या कामात झालं, गेलेला माणूस परत येत नाही, फोटो कुठे टाकू नका. रिपोर्ट आजही तसाच आहे.

काल त्या मुलीला विचारलं, टाकू का? तिची नोकरी अजून तिथेच आहे.
ती म्हणाली, "माझा चेहरा कापा अक्का. लाल कोपरा कापू नका."

फोटो खाली आहे. खुशाल शेअर करा.
मॅनेजरसाहेब, तुम्हीही बघा. स्वल्प मोठा करून.

ज्यांच्याकडे आज पूजा आहे त्यांनी थाटात करा. मशीनला हार घाला, गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवा. पाटीला मात्र हात लावायचा नाही. ती ज्याने लावली त्यानेच काढायची, बाहेर आल्यावर.

आमच्या हॉलमध्ये अण्णाचा फोटो आहे. आज सकाळपासून नातेवाईक हार घेऊन येतायत. आई हार घेते आणि खुर्चीवर ठेवते. फोटोला कुणालाच घालू देत नाही.

येते रे अण्णा.
तुझी पाटी आता सगळ्यांना दिसतेय.