कूलर, करंट आणि वैशाली

लॅब सुटून वर्षं झाली, पण किस्से काही सुटत नाहीत. आता मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनीची बस नव्या नव्या बिल्डिंगांमधून जाते; आम्ही लॅबमध्ये होतो तेव्हा तिथं नुसती ज्वारी होती. डोळा लागायला आला की नेमका एखादा किस्सा आठवतो आणि मी एकटाच हसतो. मग फार वाईट वाटतं. ज्यांच्याबरोबर हसायचं ती माणसं इथं कुठं आहेत?

आम्ही तिघं पीएचडीला होतो: मी, हर्सूलचा सिद्धार्थ आणि पाचोडची वैशाली. काचेवर झिंक ऑक्साईडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर द्यायचा, त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा लावायचा, करंट किती चढतो ते बघायचं. दिवा बंद केला की किती उतरतो ते बघायचं. झालं संशोधन!

*

वैशालीचे वडील एकदा लॅब बघायला आले. तिनं दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला. वडिलांनी विचारलं,

"दिवसभर हेच करता व्हय?"

"व्हय, आबा."

"लाईट यायची अन् जायची! मग आमच्या पाचोडात घरोघर डॉक्टर व्हायला पायजेल की!"

*

थर भट्टीत किती तापवला यावर पुष्कळ अवलंबून असतं. कण मोठे झाले की त्यांचा स्वभाव बदलतो. एकदा वैशालीचा नमुना भट्टीत असतानाच लाईट गेली. नमुना अर्धाकच्चा निघाला, ती रडकुंडीला आली. टाकून देण्याआधी सहज मोजला, तर आजवरचा सगळ्यात झकास रिस्पॉन्स, दिवा लावताच करंट कधी नव्हे इतका चढला!

आमचे गाईड सर चष्मा वर सारत म्हणाले, "छान. आता प्रबंधात आभार कुणाचे मानणार, लोडशेडिंगचे?"

*

त्यात दुष्काळ. हॉस्टेलला टँकरचं पाणी, अंघोळीला माणशी अर्धी बादली. इकडं काचा मात्र डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुन्हा धुवायच्या! सिद्धार्थ धुतलेली काच उजेडात धरून म्हणायचा, "देख भाई, नशीब असावं तर असं. पुढच्या जन्मी आपण काचच व्हायचं!"

*

वैशालीचं घोडं मात्र एकाच ठिकाणी अडलं होतं. तोच थर, तोच दिवा, तरी आकडे जुळेनात. एक दिवस करंट उड्या मारायचा, दुसऱ्या दिवशी मरगळलेला. आकडे जुळल्याशिवाय सर प्रबंध सादर करू देणार नव्हते. पाण्यापायी हॉस्टेल महिनाअखेर रिकामं करायची नोटीस लागली होती, आणि घरी तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. एकदा घरी गेली की परत येणं अवघड होतं.

आम्ही थराची जाडी तपासली, चांदीचे जोड नव्यानं दिले, दिव्याचं अंतर बदलून पाहिलं. काही उपयोग नाही. शेवटी सरांनीच विचारलं, "खिडकीतला हा कूलर कोणत्या कोणत्या दिवशी चालू असतो?"

सिद्धार्थ खाली बघायला लागला. वैशालीला उकडतं म्हणून तो हर्सूलहून, घरून, मोटरसायकलवर पाण्याचा कॅन आणून गुपचूप कूलरमध्ये ओतायचा. जमेल त्या दिवशी. कूलर चालला की हवा ओली, हवा ओली की रिस्पॉन्स खल्लास!

"अरे बाबा," सर म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्यात टिपूस नाही, आणि तू एकटा आर्द्रता वाढवत बसलास!"

आम्ही खो खो हसलो. वैशाली हसली नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली.

*

मग कूलर बंद. ती घामाघूम होऊन मोजत बसायची, पण आकडे जुळत गेले. हॉस्टेल सोडायच्या दुपारी एकच रीडिंग उरलं होतं. बॅगा दाराशी होत्या. सिद्धार्थ तिला स्टँडवर सोडणार होता, गाडीची किल्ली त्याच्या हातातच होती.

दिवा बंद केला तरी करंट लगेच उतरत नाही, हळूहळू खाली येतो. तो पूर्ण उतरेपर्यंत जागेवरून उठायचं नाही, हा आमच्या लॅबचा नियम.

"उतरला का?" सिद्धार्थनं विचारलं.

"नाय अजून."

तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "एस्टी जाईल तुझी. उतरला का?"

"नाय. बस जरा."

"बरं," म्हणाला आणि बसून राहिला.

स्क्रीन दोघांच्याही समोर होता. करंटची रेषा केव्हाचीच तळाला टेकली होती.