फिनेल टाकून परत धुवा

"मावशी, तुम्ही आत्ता आत गेला होतात?"

मॅडम बाथरूमच्या दारात उभ्या. हॉलमध्ये त्यांच्या दोन मैत्रिणी चहा पीत होत्या. त्याही माझ्याकडे बघायला लागल्या.

"हो," मी म्हणाले. "थांबता येत नव्हतं."

"असं. मग आता परत धुवा. फिनेल टाकून. यापुढे खाली जात जा."

अहोजाहो करूनच म्हणाल्या. आवाजसुद्धा चढला नाही.

मी धुतलं. तासाभरापूर्वी मीच घासलेलं, परत घासलं. बाहेर कुणीतरी हसलं.

पुण्याजवळच्या मांजरी गावातली नवी सोसायटी. अकराव्या मजल्यावर मॅडमच्या घरात माणसं तीन, संडास तीन. आमच्या वस्तीत सगळ्यांना मिळून एक सार्वजनिक शौचालय. निम्म्या दारांना कडी नाही. एकीनं दार धरायचं, दुसरीनं बसायचं.

खाली गेले तर तिथल्या संडासाला कुलूप. वॉचमन म्हणाला, "हा गार्ड लोकांचा हाय. बायकांची सोय नाय."

मग मी पाणी पिणंच सोडलं. भर उन्हाळ्यात कामावर एक घोट नाही. पाळीत सकाळपासून दुपारपर्यंत एकच कापड. मांड्या सोलून निघायच्या. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

शेवटी लघवीतून रक्त आलं. ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कामावर पाणी का पीत नाही?"

मला लाज वाटली. मान खाली. आणि बसल्या जागी माझं डोकं तापलं. लाज मला का वाटतेय? मी काय चोरलंय? लघवी लागते, हा माझा गुन्हा?

मान वर केली. सगळं सांगितलं.

आठ दिवसांनी कामावर गेले. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं आलात. बाथरूम बघवत नाहीत."

मी ब्रश हातात घेतलाच नाही. "ज्या संडासात मला जायची बंदी, तो मी घासणार नाही."

"नका घासू. दुसरी मिळेल."

"विचारून बघा."

खाली येऊन सोसायटीत कामाला येणाऱ्या एकेकीला गाठलं. चौथ्या मजल्यावर काम करणारी संगीता सहा महिन्यांची गरोदर. म्हणाली, "मी पार्किंगमध्ये गाडीच्या आड बसते, अक्का." एवढंच. आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी खालचा संडास आम्हालाही उघडा म्हणून आम्ही चौदा जणी गेटपाशी बसलो. सोसायटीचे चेअरमन आले. "मीटिंगमध्ये विषय घेऊ. तोवर कामं चालू ठेवा."

"भांडी घासू, फरशी पुसू," मी म्हणाले. "संडास नाही."

तीन आठवडे झाले. मीटिंग झालेली नाही. मला आणि संगीताला कामावरून काढलं. तरी रोज सकाळी मी गेटबाहेर उभी असते. नवी बाई आली की आधी तिला सगळं सांगते. ऐकून दोघी परत गेल्या, एक माझ्याशेजारी उभी राहिली.

आमच्यासाठी ते कुलूप उघडेपर्यंत या इमारतीतला एकही संडास आमच्या हातून घासला जाणार नाही. ज्याचा त्यानं घासावा.