तोंडाला मोहाचा वास

"फुंक."

गुरुजींनी नाक माझ्या तोंडाजवळ आणलं. मी तिसरीत होते. प्रार्थना नुकतीच संपली होती. गावातली पोरं वर्गाकडे निघाली होती. आम्हाला, डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवरून येणाऱ्या आदिवासी लेकरांना, पटांगणात थांबवलं होतं. गावात दारूबंदीचा फलक लागला होता. शाळेलाही काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणून तोंडं हुंगायची. फक्त आमची.

मी फुंकलं. गुरुजी झटकन मागे सरकले.

"काय वं, सकाळी सकाळीच टाकून आली काय?"

"नाही गुरुजी. फुलं खाल्ले."

"फुलं, का फुलाचं पाणी?"

सगळे हसले. दारात थबकलेली पोरं, ओसरीतल्या बाई, शिपाईसुद्धा. मला हापशावर पाठवलं. मी चुळा भरत राहिले. वास जाईना. जाणारच नव्हता, तो पोटातला होता. मोह गळायच्या दिवसांत आमच्याकडे फुलं भाजून, तीळ घालून कुटतात. गोड लागतात. घरात पीठ नसलं की तेच जेवण. गुरुजींना मोह म्हटलं की बाटलीच दिसायची.

दुसऱ्या दिवसापासून मी फुलं खाणं बंद केलं. आई वाटी पुढे सरकवायची. "काऊन खाऊन नाही राह्यली वं माय?" भूक नाही म्हणायची मी. भूक तर होती. रांगेत पोटात कळ यायची, आणि तरी बरं वाटायचं. आज तोंडाला कसलाच वास नाही.

दारू आमच्या घरात नव्हती असं मी लिहिणार नाही. होती. माझा बाप प्यायचा. तो झोकांड्या खात वस्तीत शिरला की मी कणगीमागे जाऊन बसायची. घरी बापाची भीती, शाळेत गुरुजींची. मधली पायवाट तेवढी माझी. गुरुजींनी माझं तोंड कितीदा हुंगलं. पण घरी कोण पितं, तू जेवलीस का, तुला मारतो का, हे एकदाही विचारलं नाही.

बापाला दारू सोडायची होती, हेही लिहिते. एका सकाळी हात थरथरत होते, ओकाऱ्या थांबत नव्हत्या, तेव्हा तो आईला स्वतः म्हणाला, "मले घेऊन चाल." आम्ही तिघं तालुक्याला गेलो. व्यसन सोडवायचा सल्ला देणारे एक साहेब तिथे बसायचे. त्यांनी गाव विचारलं. आईनं सांगितलं. साहेब शेजारच्या माणसाकडे बघून हसले.

"तुम्ही तं देवालेच पाजता. तुमची कशी सुटंन?"

बाप उठला. दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. एकच वाक्य बोलला. "त्यायले आपला देवच दारुडा वाटते."

आमच्याकडे सणाला पूर्वजांच्या नावानं पळसाच्या द्रोणातून मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात. धार सोडावीच लागते. पिणं मात्र कोणावर सक्तीचं नाही. आमची म्हातारी माणसं द्रोण पालथा घालून कोरडीच उठतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्या साहेबांनी एवढंच विचारलं असतं, की बाबा, धार सोडून न पिता उठता येईल का, तर बाप हो म्हणाला असता. देव न सोडता दारू सोडता येते, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. त्यानंतर तो कुठल्याच दवाखान्याची पायरी चढला नाही. मी दहावी पास झाले त्या वर्षी गेला.

पुढचं सगळं चांगल्या माणसांमुळे झालं. वसतिगृहाच्या बाईंनी मला जवळ बसवून इंग्रजी शिकवलं. कॉलेजात एका सरांनी स्वतःची पुस्तकं दिली. वस्तीतली पहिली पदवीधर मी. आमच्याच डोंगरपट्ट्यातल्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा मुख्याध्यापकांनी शाल-नारळ दिला. "पोरी, काही लागलं तं सांगजो," म्हणाले. खोटं नव्हते बोलत. खोली त्यांनीच मिळवून दिली. आईला घेऊन मी तिथे राहू लागले. या माणसासमोर माझा आवाज कधी चढला नाही. उपकार खरे होते, म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तालुक्याला शिक्षकांचं व्यसनमुक्ती प्रशिक्षण झालं. मोठ्या शहरातून आलेल्या मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. एका चित्रात मोहाचं झाड होतं. त्याखाली बाटली. "या वस्त्यांमध्ये मुलांना जन्मापासूनच सवय लावतात," त्या म्हणाल्या. सभागृहातल्या माना माझ्याकडे वळल्या. नाही म्हणायचं होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि नुसती तोंडाला लावून बसले.

जेवणाच्या सुटीत मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर थुंकून गालातली तंबाखूची पुडी मोकळी केली. मग सगळ्या शिक्षकांसमोर माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमवारपासून प्रार्थनेनंतर वस्तीवरच्या पोरायची तोंडं तपासू. मॅडम, तुम्हीच तपासा. तुम्हाला वास बरोबर कळंन."

"घरचाच अनुभव आहे!" कोणीतरी मागून बोललं. हशा झाला. सरही हसले. मीसुद्धा हसले. भीतीनं माणूस हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या कायम होण्याचा अहवाल त्यांच्याच सहीनं जाणार होता. नोकरी गेली तर आईला घेऊन कुठे जाऊ? वस्तीवर परत? जिथली लेकरं माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, शिकलं की असं होता येते? रविवारभर मला अन्न गेलं नाही. लहानपणीचा तो हापसा दिसत राहिला. फरक एवढाच, की आता नाक माझं होतं.

सोमवारी सकाळी मी आईला म्हटलं, "फुलं भाज."

आई बघतच राहिली. "तू तं खात नाही."

"आज खातो."

का म्हटलं, मला सांगता यायचं नाही. काही ठरवलेलं नव्हतं. भाजल्याचा तो गोड, जड वास खोलीभर पसरला आणि मला रडू आलं. पोटभर खाल्लं. शाळेत पोचल्यावर पाय आपोआप नळाकडे वळले. ओंजळीत पाणी घेतलं. चूळ भरणार, तेवढ्यात हात थांबला. पाणी सोडून दिलं.

प्रार्थना संपली. वस्तीवरची लेकरं रांगेत उभी केली. पहिली सुगंधा होती, चौथीतली. तिचा बाप पितो, हे मला ठाऊक होतं. तिनं ओठ घट्ट मिटले होते. मी खाली वाकले तशी घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, मी आज काहीच नाही खाल्लं. उपाशीच आली."

हे वाक्य माझं होतं. इतकी वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून आलं.

"काय झालं मॅडम? घ्या लवकर, तास सुरू करायचा आहे," सर म्हणाले.

मी सुगंधाच्या पुढे जाऊन रांगेत उभी राहिले. लेकरांसारखीच, सरांकडे तोंड करून.

"सर, मी मोहाची फुलं खाऊन आले. माझ्या तोंडाला वास आहे. माझ्यापासून सुरू करा."

कोणी हसलं नाही. सरांचा गाल पुडीनं फुगलेला होता. त्यांना बोलता येईना, थुंकताही येईना. शेवटी हातानंच वर्गाकडे जा अशी खूण केली. रांग मोडली.

त्याच दुपारी मला लेखी खुलासा मागितला. दिला. शिक्षकखोलीत माझ्या शेजारची खुर्ची आता रिकामी असते. माझा अहवाल अजून गेलेला नाही.

तरी एक झालं. पंधरवड्यानं सुगंधाची आई माझ्या खोलीच्या दारामागे उभी राहिली. पदर दातात धरून म्हणाली, "बाई, ते म्हणते मले सोडाची आहे. कुठं न्यावं?"

मी त्या दोघांसोबत तालुक्याला गेले. सल्ला देणारा तरुण माणूस होता. गाव ऐकलं आणि त्याच्या ओठांवर तेच हसू यायला लागलं. मी ते ओळखलं. तरीही खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "आधी यांना विचारा, सणाला धार कशी सोडतात. मग औषधाचं बोलू." त्यानं विचारलं. सुगंधाचा बाप उठून गेला नाही.

तो सुटेल की नाही, मला माहीत नाही. मी कायम होईन की नाही, तेही माहीत नाही. भीती गेलेली नाही. जायची मी वाट बघत नाही. पण मी असेन त्या शाळेत कोणी लेकराचं तोंड हुंगणार नाही. लेकरू जेवलं का, हे आधी विचारलं जाईल. आणि कोणी "फुंक" म्हणालाच, तर रांगेत पहिली मी असेन. फुलं खाऊन.