मी पंचांसोबत आहे

माझी बायको धुळ्यातल्या एका कन्याशाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि मी सरकारी कचेरीत कारकून. लग्नाआधी ती भडगावच्या शाळेकडून खो-खो खेळायची. गिरणा नदीच्या वाळूत पळून पळून तिचे पाय असे तयार झाले होते की आजही जिना उतरताना तिचा आवाज येत नाही. लग्न झालं, दोन मुली झाल्या आणि खेळणं सुटलं, खेळ मात्र सुटला नाही. मुली मोठ्या झाल्यावर तिनं पंचांच्या परीक्षा द्यायला घेतल्या. आधी जिल्ह्याची, मग राज्याची आणि शेवटी राष्ट्रीय.

त्या परीक्षेचा अभ्यास आमच्या स्वयंपाकघरात झाला. फरशीवर ती आठ वाट्या ओळीनं मांडायची, दोन टोकांना दोन पेले. वाट्या म्हणजे बसलेल्या मुली, पेले म्हणजे खांब. मी एक चमचा घेऊन पाठलाग करणारी मुलगी व्हायचो आणि मुद्दाम चुकायचो. ती भाकरी थापता थापता मान वळवून सांगायची, "खांबापर्यंत न जाता मागे फिरली. फाऊल." चमचा पुन्हा जागेवर न्यायचा. भाकरी कधी करपली नाही आणि फाऊल कधी सुटला नाही.

ती पास झाली आणि पुढच्याच हंगामात भुवनेश्वरला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाल्याचा फोन आला. खो-खोत पंचांच्या वर जो असतो त्याला सरपंच म्हणतात, आणि काही सामन्यांना तिला सरपंच म्हणूनही उभं राहायचं होतं. ही बातमी सोनगीरजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत तिचा आकार बदलला. नानांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, मला फोन आला.

"सून सरपंच व्हयनी म्हणे, आनि माले कोनी सांगं नही?"

मी त्यांना खेळातला सरपंच समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तिनं ऐकनं पडस ना बठ्ठासले? मंग एकच शे." सगळ्यांना तिचं ऐकावं लागतं, मग दोन्ही सरपंच सारखेच, असा त्यांचा हिशेब.

रेल्वेनं जायचं तर शाळेच्या परीक्षांमुळे दिवस पुरत नव्हते. मग मीच मुंबईहून रात्री निघून पहाटे पोचणारं स्वस्तातलं विमान शोधलं. तिचं तिकीट काढलं आणि माझंही काढलं. आम्ही दोघंही कधी विमानात बसलो नव्हतो. मुलींनी आम्हाला बसवून सगळं शिकवलं: पिशवीत काय चालतं, काय नाही, पट्टा कुठे काढायचा. धाकटीनं तर लोखंडी शिट्टी यंत्रात वाजेल की काय म्हणून तिच्या आईला प्लॅस्टिकची शिट्टी आणून दिली. बायकोनं दोन्ही घेतल्या.

धुळ्याहून सकाळी एसटीनं निघालो आणि मुंबईच्या विमानतळावर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तपासणी पार पडली. लोखंडी शिट्टीला कुणी काही म्हटलं नाही. विमानाला बराच अवकाश होता. मोठ्या मुलीनं सांगून ठेवलं होतं की आमच्या पगाराच्या खात्याच्या कार्डांवर तिथल्या लाउंजमध्ये बसता येतं. मला ते पटलं नव्हतं. पण काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कार्डं घासली, हसून आत हात केला आणि आम्ही गालिच्यावर पाऊल टाकलं.

आत रुंद खुर्च्या, मंद दिवे आणि एका बाजूला मांडलेलं जेवण. मी भात, राजमा आणि छोटे गुलाबजाम घेतले. बायकोनं थोडा उपमा घेतला आणि पिशवीतून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मी इकडे तिकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, त्यांचंही खाल्लंय ना? मग आपलं खायला कशाला लाजायचं?" आम्ही दोघांनी दशमी खाल्ली. राजम्यापेक्षा ती चांगली होती.

जेवण झाल्यावर ती उठून मोठ्या काचेपाशी गेली. बाहेर अंधार होता, त्यामुळे काचेत तिचं पूर्ण प्रतिबिंब दिसत होतं. ती तिथं उभी राहून पंचांच्या खुणा करू लागली. हात आडवा, हात वर, मग दोन्ही हात. कोपर वाकतंय का, बोटं जुळलीत का, हे ती काचेत बघत होती. साडी नेसलेली, चाळिशी ओलांडलेली बाई विमानतळावर असे हात करते म्हटल्यावर लोक बघणारच. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ, कोटातले, मराठी बोलणारे, बराच वेळ बघत होते.

"मिसेस नृत्य शिकवतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्या खो-खोच्या पंच आहेत. राष्ट्रीय."

"अरे वा. आणि तुम्ही? तुम्ही काय कामासाठी निघालात?"

"मला काही काम नाही," मी म्हणालो. "मी पंचांसोबत आहे."

लग्नापासून धुळ्यात सगळीकडे तिची ओळख भाऊंच्या, म्हणजे माझ्या, मिसेस अशीच करून दिली जायची. लग्नाच्या पंगतीत, कचेरीच्या स्नेहसंमेलनात, बँकेतसुद्धा. त्या रात्री पहिल्यांदा मी माझी ओळख तिच्यावरून करून दिली आणि ती सांगताना मी खुर्चीत नीट ताठ बसलो.

विमानात आमच्या जागा लांब लांब होत्या. शेजारी बसायचं तर जागा आधी निवडायला हवी होती, ते मला माहीत नव्हतं. ती पुढच्या भागात, मी पार मागे मधल्या खुर्चीवर. आजूबाजूला एकाच रंगाच्या ट्रॅकसूटमधल्या मुली भरल्या होत्या. माझ्या बाजूला खिडकीशी एक जाडसर, मिशीवाले गृहस्थ होते, त्यांच्या अंगातही तोच रंग. शेजारच्या राज्याच्या मुलींच्या संघाचे ते प्रशिक्षक निघाले. आम्हीही त्याच स्पर्धेला निघालोय, पुढे बसलेल्या बाई तिथं पंच आहेत, असं मी म्हटल्यावर त्यांनी मान उंचावून बघितलं आणि माझ्या बायकोला ओळखलं. आदल्या वर्षी एका विभागीय स्पर्धेत ती पंच होती.

"मॅडम आपकी मिसेस हैं?" ते एकदम उठले. त्यांना मराठीही येत होतं. "तर मग त्यांना इकडे बोलवा ना. मी पुढे जातो. नवरा-बायकोनं असं लांब कशाला बसायचं?"

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. विमान हलण्याआधीच माझ्या तळहातांना घाम आला होता आणि उडताना तिचा हात धरायला मिळावा असं फार वाटत होतं. मी लगबगीनं पुढे गेलो आणि तिला सांगितलं.

"जागा कोण देतंय?" तिनं विचारलं.

मी मागे बोट दाखवलं. तिनं ट्रॅकसूट बघितला.

"त्यांना धन्यवाद सांगा. मी इथं ठीक आहे."

"अगं, नुसती जागाच तर बदलायची आहे."

"हो. पण परवा कदाचित त्यांच्याच संघाच्या सामन्याला मी उभी असेन." तिनं आवाज अगदी खाली आणला. "समोरच्या संघातली एखादी मुलगी आत्ता इथं असती आणि तिनं हे बघितलं असतं, तर तिला काय वाटलं असतं?"

मी परत आलो. थोडा खट्टू झालो होतो, लपवत नाही. प्रशिक्षकांना मी तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, कारण सजवून सांगायला मला सुचलं नाही. ते पुन्हा आपल्या जागेवर बसले. मग म्हणाले, "मॅडम सही हैं. मुझे सोचना चाहिए था." त्यांनीच मला पट्टा कसा आवळायचा ते दाखवलं. विमान धावू लागलं तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि ते म्हणाले, "श्वास घेत राहा, भाईसाब." मुंबई दिव्यांची रांगोळी होऊन खाली गेली, ती मी त्यांच्या खांद्यावरून बघितली.

मग आतले दिवे मंद झाले, मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपल्या. मला झोप आली नाही. रांगांच्या पलीकडे तिचा अंबाडा दिसत होता. ती कुणाच्याही खांद्यावर न रेलता बसल्या जागी झोपली होती. आधी मला वाटलं होतं, हिनं उगाच ताणलं. पण जसजशी रात्र सरत गेली तसतसं मला वाटू लागलं की ही बाई मैदानावर पोचायच्या आधीच पंच झालेली आहे आणि ती माझी बायको आहे.

पहाटे उतरलो. बाहेर दमट, उबदार हवा होती. "झोप लागली का हो?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

उपांत्य फेरीत विमानातल्या त्याच संघाच्या सामन्यावर तिचीच नेमणूक झाली. शेवटच्या मिनिटात त्यांची एक मुलगी खांबाला वळसा घालून झेपावली आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या पळणारीला तिनं बाद केलं. समोरच्या प्रशिक्षकांनी फाऊल झाल्याचा ओरडा केला. माझ्या बायकोनं मान हलवली: फाऊल नाही, गडी बाद. ते थेट तिच्यापर्यंत धावत आले. ती जागची हलली नाही. "तिनं खांब ओलांडला, मगच वळली. मी बघितलं," इतकंच तिनं हिंदीत सांगितलं. दुसऱ्या पंचांनीही तेच सांगितलं. प्रेक्षकांत उभा राहून मी विचार करत होतो की आत्ता कुणी तिच्याकडे बोट दाखवू शकेल असं जगात काहीही नाही. त्या मुली एका गुणानं जिंकल्या.

अंतिम सामन्याला तिला सरपंच नेमलं. तिच्या नावापुढे ध्वनिक्षेपकावर धुळे, महाराष्ट्र असं म्हटलं गेलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझ्या आसपास बहुतेक उडिया माणसं होती, त्यांनीही माझं बघून वाजवल्या. सामना उत्तम झाला. कुठलाही वाद नाही, आरडाओरडा नाही. सगळं मैदान धावणाऱ्या मुलींकडे बघत होतं. कडेनं, पांढरे बूट घालून, आवाज न करता सरकणाऱ्या एका बाईकडे बघणारा तिथं मी एकटाच होतो.

सामना संपल्यावर ती माझ्यापाशी आली, गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि पाणी मागितलं.