दुकान वाढवलं

मी मिरजगाव सोडलं त्या दिवशी आण्णा दुकानातून खाली उतरले नाहीत. हायवेच्या कडेला जीप उभी होती, टपावर माझ्या बॅगा बांधलेल्या, आणि आई त्या अनोळखी ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा सावकाश चालवायला सांगत होती. आण्णा आमच्या भांड्यांच्या दुकानात गादीवर बसून म्हणाले, "निघ आता, मने. गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक कुणी नव्हतं. जीप वळली तेव्हा ते फडक्यानं एक कळशी पुसत होते, आणि ती आधीच लख्ख होती.

तुमच्यातले जे असे निघाले आणि जे असे पुसत राहिले, त्या दोघांनाही हे नवं नाही. मी आता कॅलगरीत राहते. डेकेअरमध्ये पोरांना स्नोसूट चढवते, गाडीवरचं बर्फ खरवडते, फ्रोझन पोळ्या आणते आणि आईला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती हा विचार टाळते. आई गेली तेव्हापासून आण्णा एकटे. फोनवर आमचं बोलणं ठरलेलं. जेवलात का, जेवलो, थंडी हाय का, आहे. मग फोन ठेवायचा.

म्हणून त्यांना आमच्या 'रविवारचा फोटो' ग्रुपमध्ये घेतलं. इथल्या मराठी मंडळींचा हा साधा खेळ. एकानं विषय द्यायचा, प्रत्येकानं एकच फोटो टाकायचा, ज्याचा सगळ्यात आवडेल त्यानं पुढचा विषय द्यायचा. आण्णा लगेच रमले. विषय काहीही असो, फोटो भांड्याचाच. 'लाल'ला तांब्याचा बंब, 'थंड'ला पाण्याचा पिंप. केतकी म्हणून आमची एक मैत्रीण आहे, पुण्यात वाढलेली, ती तर काकांचा फोटो आल्याशिवाय मतच द्यायची नाही.

मला मात्र भांड्यात रस नव्हता. स्टीलच्या भांड्याचा फोटो काढणारा माणूस त्या भांड्यात दिसतोच. मी फोटो बोटांनी मोठा करायची आणि पोटफुगीर भांड्याच्या पोटात आण्णा सापडायचे. हात लांबच लांब, डोकं लिंबाएवढं, मागे वाकडी झालेली दुकानाची फळ्यांची रांग. रविवारी सकाळचा चहा मी असा त्यांच्याबरोबर प्यायची. एकदा त्यांना हे सांगितलंही, तर नुसते हसले.

मग 'गोल' हा विषय आला. आण्णांनी घागर टाकली. ग्रुपवर सगळे घागरीच्या गोलाईवर खूश. मी तिच्या पोटात बघितलं, तर आण्णांच्या मागची एक फळी रिकामी होती.

फोनवर विचारलं तर म्हणाले, "पुसाया काढलीत भांडी."

पुढच्या रविवारी दोन फळ्या रिकाम्या. त्यानंतर भिंतीवरचं कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. आणि आण्णा दर आठवड्याला थोडे लहान होत चालले होते. मी आधीचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, भास नव्हता. ते भांड्यापासून लांब उभे राहत होते, कारण दुकानात मागे सरायला जागा झाली होती. ग्रुपवर कौतुक चाललेलं, काका, काय मिनिमल फ्रेम आहे. मला भीती वाटायला लागली. माझ्या स्वयंपाकघरातल्या पातेल्याकडेही मी बघेनाशी झाले. त्यात माझ्या मागे काय दिसेल आणि काय दिसणार नाही, कोण जाणे.

पण पुन्हा विचारलं नाही. फोनवर जेवलात का, जेवलो.

त्या सुमारास केतकी जिंकली. तिच्या बाल्कनीत टोमॅटो लागले होते, म्हणून तिनं विषय दिला, 'वाढवलेलं'. कुणी दाढी टाकली, कुणी कुंडीतली कोथिंबीर. एकानं जेवणाचं ताट टाकलं आणि वाढलेलं की वाढवलेलं यावर वाद झाला. आण्णांनी दुकानाचं शटर टाकलं. खाली लिहिलं, 'दुकान वाढवलं.'

टाळ्यांचा पाऊस. अभिनंदन काका. दुसरी शाखा का? बाजूचा गाळा घेतला का? एकमतानं आण्णा जिंकले. त्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला.

दुकानदाराच्या घरात दुकान 'बंद' करत नाहीत. तो शब्द अशुभ. दिवेलागण झाली, गिऱ्हाईक संपलं की दुकान वाढवतात, बांगडी फुटली की ती वाढली म्हणतात तसंच. लहानपणी रोज रात्री मी हे शब्द ऐकलेत. पण शटरवर भर दुपारचं ऊन होतं, आणि आमचं दुकान दुपारी कधी वाढवलेलं मी पाहिलं नव्हतं. शटरचा पत्रा गंजलेला होता. त्यात कुणीच दिसत नव्हतं.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"आण्णा, कायमचं?"

"व्हय," म्हणाले. "गुडघं न्हाई म्हनत्यात. लोकं बी आता नगरला जात्यात न्हाईतर मोबाईलवर मागवत्यात. गाळा दिला मेडिकलवाल्याला. पुढच्या म्हयन्यात येतोय त्यो."

"मला सांगायचं तरी."

त्यांनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"सांगत हुतो की, मने. दर रविवारी. तू मोठं करून बघतीस म्हनली हुतीस. मला वाटलं दिसलं आसंल."

दिसलं होतं. मी त्यांना इकडे या म्हणाले, तर म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

जिंकल्यामुळे पुढचा विषय आण्णांचा होता. त्यांनी दिला, 'घर'. त्या रविवारी सोफे आले, फायरप्लेस आले, कुत्री आली. मी बराच विचार केला. कॅलगरीतला हॉल काढला तर खोटं वाटेना, पण खरंही वाटेना. माझं घर म्हणजे एवढ्या वर्षांत एका भांड्याच्या पोटातली वीतभर जागा उरली होती, आणि तिचा फोटो मला काढता येणार नव्हता. मी काहीच टाकलं नाही.

आण्णांचा फोटो आला. दुकान आतून. फळ्या काढलेल्या, चुन्यावर फळ्यांच्या खुणा, धुऊन काढलेली फरशी. मी फोटो मोठा केला. कोपरा न् कोपरा पाहिला. पूर्ण दुकानात चकाकणारं काहीही उरलं नव्हतं, आणि आण्णा कुठेच नव्हते.

तेवढ्यात त्यांचा मेसेज आला, ग्रुपवरच.

'दिसतोय का?'

मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'नाही दिसत, आण्णा. मी येतेय.'