शून्य नंबरची ओळ

दहिवडीला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईंचं माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील मेंढरं राखायचे. माझ्या शिक्षणाचा त्यांना फार अभिमान, पण पुढं काय करायचं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. ते बाईंनी सांगितलं. क्लास सुटल्यावर त्या मला एक संगणक मोकळा करून द्यायच्या आणि एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप उरकणारा छोटा प्रोग्राम, कसा लिहायचा ते माझ्याबरोबर स्वतःही शिकायच्या. पडद्यावर चूक दाखवणारी चौकट आली की मी घाबरून ती बंद करायचो. "अरे, आधी वाच तरी! बिचारी काहीतरी सांगतेय," म्हणत त्या हसायच्या.

त्या शिदोरीवर मला कुपवाडच्या एका फाउंड्रीत नोकरी लागली, पण अजून पक्की नव्हती. तिथं मालाच्या गाडीबरोबर प्रत्येक कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, टेस्ट सर्टिफिकेट पाठवावं लागतं. डिस्पॅचचे मामा जुन्या फाइलवरून एकेक टाइप करत बसायचे. मी त्यांच्यासाठी एक शीट बनवली. वरच्या यादीतून माल निवडायचा, खालचं बटण दाबायचं, की सर्टिफिकेट छापून बाहेर! मालक म्हणाले, "शनिवारची गाडी तुझ्या बटणावर गेली तर तू कायम. नाही तर आपली जुनी पद्धत बरी."

शनिवारी दुपारी गाडी भरून दारात उभी होती. मामांनी बटण दाबलं आणि एरर १००४ ची चौकट समोर आली.

"मामा, कुठं काही बदललंत का?"

"न्हाई बा. तुमी दिलं तसंच हाय."

मी बटण तपासलं. मॅक्रो बरोबर जोडलेला होता. बटण काढून नवं टाकलं, तरी तेच. यादी उघडली, तर मालाची सगळी नावं जागच्या जागी. ड्रायव्हर दारातून डोकावला. "मामा, बटन लय भारी हाय गड्या! आता गाडीबी त्यानंच चालवा!"

मालक केबिनच्या काचेतून बघत होते. घाईघाईत मी प्रत्येक वेळी चौकट न वाचताच बंद करत होतो! या वेळी थांबलो. वाचली. चूक कुठं आहे ते दाखवणारं 'डीबग' दाबलं. मॅक्रोतली एक ओळ पिवळी झाली. तिच्यावर माउस नेला, तर ओळीचा नंबर दिसला शून्य. मामांनी यादीतला तिसरा माल निवडला होता, आणि मॅक्रो मालाच्या तक्त्यात शून्य नंबरची ओळ शोधत होता. अशी ओळ एक्सेलमध्ये नसतेच!

मग तीन गेला कुठं? यादीत काही निवडलं की त्याचा क्रमांक शीटच्या एका खणात, म्हणजे सेलमध्ये, पडतो आणि मॅक्रो तिथून तो उचलतो. तो खण मी पहिल्या ओळीत ठेवला होता, आणि कुणी हात लावू नये म्हणून त्याची अक्षरं पांढरी केली होती. यादीवर उजवं क्लिक करून जोडलेला खण पाहिला. दुसरी ओळ! म्हणजे सगळी शीट एक ओळ खाली सरकली होती. यादी शीटबरोबर गुमान खाली गेली. मॅक्रोला मात्र मी जुना पत्ताच लिहून दिला होता, तो रिकाम्या खणात हात घालत होता, आणि रिकामा खण म्हणजे त्याच्या लेखी शून्य.

मी शीटच्या अगदी वरच्या ओळीत पाहिलं. अगदी मधोमध, ठळक अक्षरात 'श्री'.

"मामा, हा श्री कुणी घातला?"

"मीच. बिनश्रीचा कागद गाडीत द्यायचा व्हय?"

"पण तुम्ही तर म्हणालात काही बदललं नाही!"

"आवं, त्यो काय बदल हाय व्हय? त्यो श्री हाय!"

मी इतक्या मोठ्यानं हसलो की मालक बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं. "मग काढ की ती ओळ," ते म्हणाले. मामांचा चेहरा पडला. पण ओळ काढायची गरजच नव्हती. मी त्या खणाला एक नाव दिलं आणि मॅक्रोत पत्त्याच्या जागी ते नाव लिहिलं. आता खण कुठंही सरकू दे, मॅक्रो त्याला शोधून काढणार. बटण दाबलं. प्रिंटर घरघरला आणि श्रीसकट पहिलं सर्टिफिकेट बाहेर आलं. मामांनी ते गरम गरम हातात घेऊन कपाळाला लावलं.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मालक एवढंच म्हणाले, "सोमवारी फोटो घेऊन ये. ओळखपत्र करायचंय."

बाई मोबाइलवर लांब मजकूर वाचत नाहीत. म्हणून त्याच संध्याकाळी मी त्यांना पत्र टाइप केलं आणि पोस्टानं पाठवलं:

"बाई, नमस्कार. मी कायम झालो! घरी फोन केला. बटण, मॅक्रो हे आईला काही उमगलं नाही, पण मी हसतोय एवढं कळलं आणि तीही हसली. तुम्हाला मात्र सगळं कळेल, म्हणून मॅक्रोचे दोन्ही कागद छापून सोबत जोडले आहेत, बिघडलेला आणि सुधारलेला. मॅक्रोत खणाचा पत्ता लिहायचा नाही, नाव लिहायचं, हे तुमच्या नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगा. मी ते आज शिकलो. सुट्टीला दहिवडीला येतो आहे, तेव्हा त्यांच्यासाठी अशीच एक शीट करून आणीन. तिच्यात एक बिघाड मुद्दाम ठेवणार आहे. कुठं आहे ते तुम्हालासुद्धा सांगणार नाही.

तुमचा विद्यार्थी"