नीट न पिसलेले पत्ते

"प्रज्ञा, लोक लिहितायत की आपला गेम चीटिंग करतो." निमेशने मोबाइल माझ्यासमोर सरकवला. "शुक्रवारपर्यंत काहीतरी कर. नाहीतर मेंढीकोट बंद, टीम पण बंद."

निमेश आमचा बॉस. अंधेरीतल्या त्याच्या छोट्या कंपनीत मी गेम डिझायनर. मेंढीकोट मोबाइलवर आणायची कल्पना माझी, चौघांची टीमही माझीच. शेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार, ही धास्ती होतीच. पण त्याहून जास्त राग आला होता. शफल, म्हणजे पत्ते पिसायचा प्रोग्राम, मी स्वतः लिहिला होता. पूर्ण रँडम. कुठलं पान कुणाकडे जाईल, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"कोड तीनदा चेक केलाय. लोकांना हरायची सवय नाही," मी म्हटलं.

"नसेल. पण अनइन्स्टॉल तेच करतायत ना."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि मासळीबाजारात हिरामावशीसमोर मोबाइल धरला. वर्षानुवर्षं मी तिच्याकडून बांगडे घेते. दुपारी धंदा आटपला की ती आणि आणखी तिघी ओट्यावर मेंढीकोट मांडतात. दोन जोड्या, पत्त्यांतल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त, ती जिंकली. चारही आल्या तर कोट.

मावशीने मोबाइलवर पाच डाव खेळून तोंड वाकडं केलं.

"पत्ते बरोबर पिसलेले नाय गो. दरवेळी सगळ्यांना सगळं थोडं थोडं. खिचडी नुसती."

मी गणितात एमेस्सी. मला हसू आलं, आणि ते तिला दिसलं.

"बस इथं," ती म्हणाली. "बोलू नको, बघ."

मी बर्फाच्या पेटीवर बसले. डाव संपला की त्या जिंकलेले हात एकावर एक ठेवत. एका हातात चार पानं, बहुतेक एकाच रंगाची. मग ओलसर, जाड झालेले पत्ते दोनदा पिसायचे की बास. वाटताना आधी पाच-पाच, मग चार-चार. त्यामुळे एकीकडे बदामच बदाम, दुसरीकडे एकही नाही. प्रत्येक डाव धमाल.

तेवढ्यात मावशी माझ्या कानाशी वाकली. "मागच्या डावात किलवर एक्क्याखाली राणी पडली होती. राणी माझ्याकडे आली, एक्का नाय आला, मग तो लांब कुठं जाणार? शेजारणीकडेच असेल."

एक्का शेजारणीनेच टाकला. मी तासभर बसले. दर डावाला मावशी हळूच एखादं पान सांगे. काही चुकली, बरीच बरोबर निघाली. चार इयत्ता शिकलेली बाई, मागचा अख्खा डाव क्रमाने डोक्यात ठेवून हसत गप्पा मारत होती. मी ज्याला नुसतं नशीब समजत होते त्यातला निम्मा भाग आठवणीचा होता, आणि माझ्या परफेक्ट शफलने तोच पुसून टाकला होता.

ऑफिसात येऊन दोन्ही पद्धतींनी हजारो डाव वाटून पाहिले. मावशीचं खरं होतं. माझ्या पद्धतीत पानं सपाट पडत होती, तिच्यात कुणाकडे एकेका रंगाचे ढीग.

"म्हणजे आपण मुद्दाम खराब पिसायचं?" निमेशने विचारलं.

"बाजारात पिसतात तसं. नवख्याला भन्नाट पानं मिळतील, तो नशिबाने जिंकेल. ज्याच्या लक्षात राहतं तो पुन्हा पुन्हा जिंकेल. नियम सगळ्यांना सारखा, आणि आपण तो स्क्रीनवर सांगायचा."

"आणि तरी शिव्या आल्या तर?"

"तर मी बांगडे विकते."

शुक्रवारी अपडेट गेला. शिव्या थांबल्या नाहीत, पण आता लोक आपल्या जोडीदाराला शिव्या देत होते. ते परत परत येऊ लागले. टीम वाचली.

मी मोबाइल घेऊन पुन्हा ओट्यावर गेले. तिसऱ्याच डावात मावशीने चारही मेंढ्या नेल्या, समोरच्या जोडीवर कोट चढवला आणि शांतपणे मोबाइल परत दिला.

"आता नीट पिसलेत," ती म्हणाली.

तेव्हापासून कुठलाही गेम करायला घेतला की 'नीट' म्हणजे काय ते मी आधी खेळणाऱ्यांना विचारते. गणित त्यानंतर.